डिजिटल रुपया म्हणजे काय, व तो मोबदल्यात घ्यावा की नाही?



सन २०२४ साली आपल्या रत्नागिरीत एक नवा प्रयोग आरंभिला गेला, त्याचे वर्तमान पुष्कळांच्या कानी आले नसेल. इंडसइंड बँकेने रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली शेतकऱ्यांस कार्बन क्रेडिटाचा मोबदला डिजिटल रुपयाच्या रूपाने देण्याचे ठरविले, आणि त्याचा प्रारंभ रत्नागिरीच्या पन्नास शेतकऱ्यांपासून केला. पन्नास ही संख्या लहान आहे खरी. परंतु जे नाणे खिशात खुळखुळत नाही, कनवटीस लाविता येत नाही, व तोंडाशी धरून वाजवून पाहता येत नाही, असे नाणे मुंबईच्या पेढीवाल्याच्या नव्हे तर आपल्या लाल मातीतील शेतकऱ्याच्या पदरी पडावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कार्बन क्रेडिट हा शब्दही नवा, म्हणून त्याविषयी प्रथम दोन वाक्ये. झाडे व माती हवेतील कर्बवायू शोषून धरून ठेवितात. ज्या रीतीच्या शेतीने हा वायू अधिक धरला जातो किंवा कमी सुटतो, ती रीत शेतकऱ्याने पाळिली म्हणजे मोजमाप करून दर टनामागे एक क्रेडिट धरितात. आणि ज्या कारखान्यांस आपल्या धुराची भरपाई करावयाची असते ते ही क्रेडिटे विकत घेतात. म्हणजे हा पैसा दान नव्हे, ती एका मालाची किंमत आहे. ह्या भेदाचे काम पुढे पडणार आहे, तरी वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

आता असे झाले आहे की, "डिजिटल चलन" हे एकच नाव तीन अगदी निरनिराळ्या वस्तूंस लाविले जाते. दुकानाच्या फळीवर चिकटविलेल्या चौकटीवर फोन धरून जे पैसे देतात त्यासही लोक डिजिटल पैसा म्हणतात. रिझर्व्ह बँकेने काढिलेल्या ई-रुपयासही तेच नाव. आणि मुंबईहून सुटीवर आलेला एखादा तरुण बिटकॉइन म्हणून जे काही फोनवर दाखवितो त्यासही तेच. शेतकरी किंवा दुकानदार गोंधळतो तो येथेच. एकाचा अनुभव चांगला आला म्हणून तो तिसऱ्यावर विश्वास ठेवितो, आणि तिसऱ्याने बुडविले म्हणून पहिल्याला भितो. तेव्हा ह्या तिन्ही वस्तू वेगळ्या करून पाहणे हे आमचे पहिले काम.

वेगळ्या करावयाच्या त्या कोणत्या कसोटीने? आमच्या मते कसोटी एकच आहे. कोणतेही नाणे पुढे आले म्हणजे विचारावे की, हे वचन कोणाचे? जुन्या काळी ह्या प्रश्नाची गरज कमी भासे, कारण नाण्यात स्वतःची धातू असे. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीत व कोकणच्या बंदरांत लारी नावाचे चांदीचे नाणे चालत असे. ते गोल नव्हते. चांदीची जाड तार दुमडून तिच्यावर छाप मारीत. सराफ तिला छिन्नीचा घाव घालून आत चांदीच आहे की तांबे, हे पाहून घेई. शहाची सत्ता गेली तरी चांदी उरत असे. कागदी नोटेची गोष्ट निराळी. तिचा कागद वितळवून काही निघत नाही. तिच्यावर धारकास इतके रुपये देण्याचे वचन छापिलेले आहे व खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे. त्या वचनाचीच किंमत. (एक रुपयाची नोट तेवढी भारत सरकारची असून तिच्यावर वित्त सचिवाची सही असते, जिज्ञासू वाचकांनी हाती आल्यास पाहावी.) आणि हे वचनही अगदी निरपवाद नाही, ह्याचा अनुभव ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा गावोगावच्या लोकांस आला. तथापि त्या वेळीही नोट घेऊन कोणाच्या दारात जावयाचे हे ठाऊक होते. रांग लांब होती, पण रांगेच्या शेवटी खिडकी होती. ज्या नाण्याच्या मागे अशी खिडकीच नाही, त्याचा विचार पुढे करू.

प्रथम फोनवरून बँकेतून बँकेत जाणारा पैसा, ज्यास यूपीआय म्हणतात, तो घेऊ. ही व्यवस्था २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने चालू केली. पुष्कळांस वाटते की ह्यात पैसा हवेतून उडत येतो. आमच्या कोकणातील वाचकांस हे समजणे मुळीच कठीण जाऊ नये, कारण तीनचार पिढ्या आपली चूल मनिऑर्डरीवर पेटली आहे. टपाल खात्याने मनिऑर्डर १८८० साली सुरू केली. गिरणीत काम करणारा मुलगा लालबागच्या पोस्टात दहाची नोट भरी, आणि इकडे राजापुराकडील वाडीत पोस्टमन त्याच्या आईच्या हातावर दहा रुपये मोजी. ती नोट मुंबईहून बोटीने आली होती काय? नाही. मुलाची नोट लालबागेतच राहिली. आईस मिळाली ती येथल्या पोस्टाच्या पेटीतील दुसरी. मधून आला तो केवळ निरोप, व निरोपावर विश्वास ठेवणारी दोन पोस्टे. यूपीआय म्हणजे हीच मनिऑर्डर, फक्त निरोप पोहोचण्यास आठ दिवसांऐवजी काही क्षण लागतात, आणि पोस्टाच्या जागी बँका आहेत. जुन्या पद्धतीची मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली, आणि दुसऱ्याच वर्षी तिची ही नात जन्मास आली असे म्हणण्यास हरकत नाही.

सारांश, यूपीआय हे नाणे नव्हे. ती वाट आहे. त्या वाटेने जो पैसा येतो तो आपल्या बँक खात्यातील पैसा, म्हणजे आपल्या बँकेचे वचन. आणि बँकेचे वचन रिझर्व्ह बँकेच्या वचनाएवढे पक्के असतेच असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांस प्रारंभी एका खात्यातून सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची परवानगी होती. पुढे ती मर्यादा वाढली. परंतु त्या पहिल्या दिवसांत ज्यांच्या घरी आजारी माणूस होते त्यांची अवस्था काय झाली असेल! फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराच्या एका बँकेतील पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे, पूर्वी ते एक लाखाचे होते. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांची शिल्लक ह्या मर्यादेच्या पुष्कळ आत असते, म्हणून त्यांनी ह्या कारणास्तव भिण्याचे प्रयोजन नाही. फक्त पतपेढीतील ठेवीस हा विमा नसतो, हे विसरू नये.

दुसरी वस्तू म्हणजे खरा डिजिटल रुपया. २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन "नोट" ह्या शब्दात डिजिटल रूपातील नोटेचाही समावेश झाला. त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर व भुवनेश्वर ह्या चार शहरांत सामान्य लोकांसाठी प्रयोग सुरू झाला व पुढे तो अन्य ठिकाणी पसरला. आपली बँक फोनमध्ये एक पाकीट देते. त्यात नोटांच्याच किमतींचे रुपये ठेविता येतात. पाकीट बँकेने दिलेले असले तरी आतील रुपया बँकेचा नव्हे, तो रिझर्व्ह बँकेचा, म्हणजे हातातील नोटेचा सख्खा भाऊ. म्हणून त्यावर व्याज मिळत नाही. ट्रंकेतील नोटेवर तरी कोठे मिळते? दुकानाच्या यूपीआयच्या चौकटीवर फोन धरून तो देताही येतो. आपल्या कसोटीने पाहिले तर ह्या तिघांत सर्वांत पक्के वचन ह्याचेच.

मग त्याचा प्रसार किती झाला? मार्च २०२५ अखेर देशात सुमारे १,०१६ कोटी रुपयांचा ई-रुपया चलनात होता. कोटी हा शब्द ऐकून वाचकांनी दबून जाऊ नये. त्याच वेळी कागदी नोटा छत्तीस लाख कोटींहून अधिक होत्या. शंभर रुपयांच्या नोटांमागे ई-रुपया पुरता तीन पैसेही नव्हता. ज्यास यूपीआय फुकट व सवयीची झाली आहे तो दुसरे पाकीट कशास उघडील? हा प्रश्न वाजवी आहे. परदेशांतील अनुभवही संमिश्र आहे. बहामा ह्या बेटांच्या देशाने २०२० साली, बँका दूर व वादळे वारंवार अशी अडचण असल्यामुळे, आपले डिजिटल नाणे सर्वांआधी देशभर काढिले. नायजेरियाने २०२१ साली काढिले, पण लोकांनी ते फारसे हाती घेतले नाही. आणि २०२३ च्या आरंभी जुन्या नोटा काढून घेतल्यामुळे रोकडीची टंचाई पडली तेव्हा तेथील गरिबांचे हाल झाले. नवी वाट उघडण्यास कोणाची ना नसावी. जुनी वाट बुजवून लोकांस नवीवर ढकलणे ही निराळी गोष्ट.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळू. ई-रुपयाचा एक गुण असा आहे की, जो नोटेत नाही व मनिऑर्डरीतही नव्हता. त्यास नियम बांधिता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सांगितले की, सरकारी खात्यास किंवा एखाद्या कंपनीस ई-रुपया देताना तो ठराविक कामासाठीच खर्च व्हावा, किंवा ठराविक मुदतीत अगर ठराविक प्रदेशातच चालावा, अशी योजना करता येईल. रत्नागिरीच्या शेतकऱ्यांसाठी जो प्रयोग झाला तो ह्याच जातीच्या रुपयाचा होता. समजा, खतासाठी पाचशे रुपये दिले. तर ते खताच्या दुकानातच चालतील, मिठाईच्या दुकानात फोन ते देण्याचे नाकारील.

अनुदान देणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ह्यात मोठा लाभ आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करितो. बियाण्याचा पैसा बियाण्यासच लागावा, मधल्या हातांत झिरपू नये, घरधन्याने तो गुत्त्यावर उडवू नये, अशी इच्छा कोणा विचारी माणसाची नसेल? ज्या घरातील बाईने हा अनुभव घेतला आहे ती तर अशा रुपयास आशीर्वादच देईल. परंतु जो रुपया "मी अमक्याच दुकानात चालेन" असे म्हणतो, तो पुरता रुपया राहिला काय? रुपयाचा मोठा गुण हाच की तो धन्यास प्रश्न विचारीत नाही. मजुराने सायंकाळी मिळालेल्या रुपयांचे तांदूळ घ्यावे, मुलाची वही घ्यावी, की बहिणीच्या औषधास द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार त्या रुपयाबरोबरच त्याच्या हाती येतो. तो अधिकार कापून घेतला, तर उरते ती चिठ्ठी. मजुरास रोख न देता अमक्या वाण्याच्या दुकानावर चिठ्ठी द्यावयाची, आणि वाण्याने वाटेल तो भाव लावावयाचा, हा प्रकार किती जुना व किती दुःखाचा आहे हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

म्हणून आमचा सल्ला असा की, मदत व मोबदला ह्यांत भेद करावा. जे साहाय्य म्हणून मिळते, त्यास देणाऱ्याने गाठ बांधिली तर ती गाठ समजून घेऊन ते स्वीकारावे. शिधापत्रिकेवरील धान्यासही गाठ असतेच. परंतु जे आपल्या घामाचे किंवा मालाचे मोल आहे, मग ती मजुरी असो, आंब्याच्या पेटीची किंमत असो, की टनावर मोजलेल्या कर्बवायूची असो, ते मोकळ्या रुपयातच मागावे. रत्नागिरीच्या त्या पन्नास जणांच्या रुपयास कोणती गाठ होती वा नव्हती, ह्याच्या चर्चेत आम्ही शिरत नाही. एका प्रयोगावरून निकाल देणे अन्यायाचे होईल. पण उद्या अशी योजना आपल्या वाडीत आली, तर कागदावर अंगठा किंवा फोनवर बोट टेकण्यापूर्वी शेतकऱ्याने विचारावे : हा रुपया कोठे चालेल? त्यास मुदत आहे काय? मुदत संपल्यावर तो माझा राहील की परत जाईल? तो माझ्या बँक खात्यात वळविता येईल काय? हे चार प्रश्न अडाण्याचे नव्हेत. जो अधिकारी त्यांचे उत्तर सरळ देईल त्याचा विश्वास धरावा. जो "आधी घ्या, मग पाहू" म्हणेल त्यास आपणही "आधी सांगा, मग घेऊ" असे नम्रपणे म्हणावे. आणि दुकानदाराने अशा रुपयाच्या योजनेत नाव घालण्यापूर्वी आपल्या बँकेत जाऊन विचारावे की, गिऱ्हाइकाच्या पाकिटातून माझ्या पाकिटात आल्यावर तो मोकळा होतो ना?

तिसऱ्या वस्तूविषयी फार वेळ घालविण्याची गरज नाही; तरी जिल्ह्यात पुष्कळांस तिचा मोह आहे, म्हणून थोडे लिहितो. बिटकॉइन २००९ साली निघाले. ते कसे चालते हे बचतगटाच्या उदाहरणाने कळेल. समजा, गटाची वही एका अध्यक्षाकडे न ठेविता प्रत्येक सभासद आपापल्या घरी तीच वही लिहितो, आणि सर्वांच्या वह्यांत जुळेल तीच नोंद खरी धरली जाते. मग कोणा एकास लबाडी करणे कठीण. युक्ती हुशारीची आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बचतगटाच्या वहीत जे लिहिलेले असते ते रुपये पेटीत असतात. बिटकॉइनच्या वहीमागे पेटीच नाही. कोणाचे वचन नाही, कोणाची सही नाही, व तक्रार घेऊन जावयास खिडकी नाही. दुसरा कोणी घेईल ह्या आशेवरच त्याचे मोल. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९,००० डॉलरांस विकले जात होते. वर्षभराने ते १६,००० च्याही खाली आले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये एक लाखाच्या वर गेले. वर गेल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण बागाईतदारास फवारणीचे, राखणदाराचे व पेट्यांचे पैसे दर आठवड्यास चुकवावयाचे असतात. शंभराचे तेवीस झाले असता राखणदारास "पुढल्या वर्षी वाढेल" असे सांगून त्याचे पोट भरेल काय?

आपल्या देशात असली नाणी बाळगण्यास मनाई नाही. परंतु ती चलन नव्हेत, व मोबदल्यात घेण्याची कोणावर सक्ती नाही. त्यांवरील नफ्यावर एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर आहे. एल साल्वादोर देशाने २०२१ साली बिटकॉइनास चलनाचा दर्जा देऊन पाहिला, व २०२५ च्या आरंभी कायदा बदलून ते घेणे लोकांच्या खुशीवर सोडिले. आपल्या महाराष्ट्रातील अनुभव तर फार कडू आहे. गेन बिटकॉइन नावाच्या योजनेने लोकांस अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखविले. पुढे परतावा देण्याची वेळ आली तेव्हा बिटकॉइनाऐवजी चालकांनी स्वतःच काढिलेले एमकॅप नावाचे, फारच कमी मोलाचे दुसरे नाणे लोकांच्या हाती ठेविले. २०१८ साली पुणे पोलिसांनी मुख्य चालकास अटक केली. त्याहून आश्चर्य हे की, त्या तपासात पोलिसांनी मदतीस घेतलेल्या दोघा तज्ज्ञांसच मार्च २०२२ मध्ये, जप्त करावयाची नाणी परस्पर वळविल्याच्या आरोपावरून अटक झाली. जेथे जाणत्यांची ही कथा, तेथे आपण आपला आंबा, काजू किंवा मासळी ह्या नाण्यांच्या बदल्यात देऊ नये, हेच आमचे स्पष्ट मत.

तेव्हा घ्यावयाचे कोणते, ह्याचे उत्तर झाले : बँकेत येणारा पैसा घ्यावा, मोकळा ई-रुपया घ्यावा, बेवारशी नाणे घेऊ नये. राहिले ते कसे घ्यावयाचे. येथे एक गोष्ट पक्की मनात बसवावी की, पैसा आला हे गिऱ्हाइकाच्या फोनवर पाहावयाचे नसते. तो दाखवितो ते चित्र खोटे असू शकते, व तसली चित्रे बनविण्याची साधने ठकांपाशी असतात. आपल्या बँकेचा निरोप आपल्या फोनवर आला, किंवा दुकानातील बोलक्या पेटीने रक्कम उच्चारली, तरच माल हातातून सोडावा. बाजार भरलेला असो, गिऱ्हाईक खोळंबलेले असो. पोस्टमनची वाट आपल्या आज्या आठ आठ दिवस पाहत, आपणांस आठ क्षण पाहावयाची आहे. दुसरे असे की, पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन म्हणजे आपल्या पेटीची किल्ली. ती फिरविली की पैसा बाहेरच जातो. जो कोणी "तुम्हांस पैसे पाठवितो, ही चौकट स्कॅन करून पिन घाला" असे म्हणेल तो ठक आहे, मग तो लष्करातील साहेब म्हणवो की बँकेचा मॅनेजर. दुकानाची चौकट रोज सकाळी पाहावी, तिच्यावर दुसरी चिकटविलेली नाही ना. ज्यांच्यापाशी साधा फोन आहे त्यांच्यासाठीही २०२२ पासून आकडे दाबून यूपीआय वापरण्याची सोय आहे. केवळ तेवढ्यासाठी कर्ज काढून मोठा फोन घेण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी कोणी बोलत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावरून टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या भगिनीपुढे जी चौकट ठेविलेली असते, ती कोणाच्या खात्याची? पुष्कळदा ती मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावाची असते, कारण फोन त्याचा. पूर्वी दिवसभराची विक्री बाईच्या कमरेच्या पिशवीत येत असे, व घरखर्चास किती द्यावयाचे हे ती ठरवी. आता मासळी ती विकते, आणि पैसा मुंबईस असलेल्या मुलाच्या फोनात वाजतो. मुलगा गुणी असेल. तरी आईने चार आण्यांसाठी मुलास फोन करावा हे बरे नव्हे. जी विकते तिचे खाते तिच्या नावाने असावे, व चौकट त्याच खात्याची असावी. आमच्या उपदेशक बंधूंनी ह्या कामी बायांस बँकेपर्यंत सोबत केली, तर ती मोठी सेवा होईल. मंडळीच्या वर्गणीविषयीही तोच नियम : ती खजिनदाराच्या खासगी खात्यात न घेता मंडळीच्या नावाच्या व दोघांच्या सहीच्या खात्यातच घ्यावी, खजिनदार कितीही सचोटीचा असो, ह्यात त्याचेही रक्षण आहे.

रोकड मात्र सोडून देऊ नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली व मंडणगड भागात विजेचे खांब आडवे केले तेव्हा दिवसचे दिवस वीज व फोन बंद राहिले. त्या दिवसांत ज्याच्यापाशी चार नोटा होत्या त्यासच मेणबत्ती मिळाली. उलट नोटेचीही आपली अडचण आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड जवळ धरून कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले. त्यांच्या निष्ठेस आमचे वंदन असो. पण खात्यातील पैशासाठी कोणास टपावर चढावे लागत नाही, हेही खरे. वीज व रेंज नसताना चालेल असा ई-रुपया काढण्याचे काम रिझर्व्ह बँकेने हाती घेतले आहे. तो वाडीवाडीत पोहोचेपर्यंत, पावसाळ्याच्या तोंडी घरात पंधरा दिवसांच्या खर्चापुरत्या लहान नोटा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंच जागी ठेवाव्या.

इतके सांभाळूनही कोणी फसलाच, तर लाजेने घरी बसू नये. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ फोन करावा व बँकेसही कळवावे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा वेगाने हलविला जातो. तो मध्येच अडविता येण्याचा संभव पहिल्या घटकेत सर्वांत अधिक असतो. फोन करिताना रक्कम, वेळ, व बँकेच्या निरोपातील व्यवहाराचा क्रमांक एवढ्या तीन गोष्टी जवळ असू द्याव्या. ज्यास हे वाचता येत नाही त्याचा निरोप शेजाऱ्याने न पुसता जपून ठेवावा.